चारदीवारीतील पाहुणा

परमुलखातील शहर पाहावयास निघालेला मनुष्य प्रथम वाहनाची चौकशी करतो आणि नंतर वाटाड्याची. शहराची चौकशी तो सहसा करीत नाही; ते काम वाटाड्याचे, अशी त्याची समजूत असते. ही रीत जुनीच आहे. पूर्वी मातबर पाहुण्याच्या दिमतीला हत्ती असे, पालखी असे. पुढे टांगा आला, सायकलरिक्षा आली, मोटार आली. २००१ साली डीन केमन या अमेरिकन संशोधकाने सेग्वे नावाचे एक चमत्कारिक वाहन लोकांपुढे आणले. दोन चाके शेजारी-शेजारी, मधोमध उभे राहण्यापुरती जागा आणि समोर हाती धरावयाचा दांडा, एवढाच त्याचा पसारा. माणूस किंचित पुढे झुकला की ते पुढे सरकते, मागे रेलला की थबकते. ताशी वीस किलोमीटरपर्यंत त्याची मजल जाते. या वाहनाने शहरांची रहदारीच पालटून जाईल अशी मोठी अपेक्षा होती. ती फळाला आली नाही आणि २०२० साली त्या मूळ यंत्राचे उत्पादनही थांबले. परंतु एक धंदा त्याने जगभर रुजविला. पुढे वाटाड्या, मागे दोन-चार पाहुणे, सगळे उभ्यानेच चाललेले, अशी खासगी नगरदर्शने जुन्या राजधान्यांतून सुरू झाली. प्रागच्या पुराण्या वस्तीत तर पायी चालणारांना त्यांचा इतका उपसर्ग झाला की २०१६ साली त्या नगराने ऐतिहासिक भागात या वाहनाला बंदीच केली.

जयपूरच्या चारदीवारीत पाहुण्याला नेणारी वाहने निराळी आहेत. तेथे विजेवर चालणारी रिक्षा आहे, पायांनी ओढायची जुनी सायकलरिक्षा आहे, आणि २०२०च्या सप्टेंबरपासून चांदपोल ते बडी चौपड अशी भुयारी रेल्वेही आहे. परंतु नगरदर्शनाची तऱ्हा तीच. पुण्याहून किंवा नागपूरहून आलेले एखादे कुटुंब सकाळी वाटाड्यासह निघते. हवामहालासमोर उतरून छायाचित्र काढते. राजवाडा पाहते. जंतरमंतर पाहते. जोहरी बाजारात एखादी चीज खरेदी करते आणि दुपारच्या आत मुक्कामी परतते. त्यात वाईट असे काही नाही. मात्र चारदीवारी ही वस्तू अशी आहे की तिच्यातून वेगाने जाणाऱ्याला ती स्वतःचे अंतरंग दाखवीत नाही. त्यातही मराठी पाहुण्याला तिच्याकडून एक गोष्ट ऐकावयाची आहे, आणि वाटाड्या ती बहुधा सांगत नाही.

प्रथम नगराची गोष्ट. कछवाह राजांची राजधानी आमेर ही डोंगराच्या कुशीत होती. सवाई जयसिंगाने १८ नोव्हेंबर १७२७ रोजी खालच्या सपाटीवर नव्या राजधानीचा पाया घातला. आखणीचे काम विद्याधर नावाच्या बंगाली पंडिताकडे होते, आणि हा पंडित दरबारच्या हिशेबखात्यातून वर आलेला होता. हिशेबी माणसाचा हात नगराच्या अंगोपांगी दिसतो. पूर्वेच्या सूरजपोलपासून पश्चिमेच्या चांदपोलपर्यंत सुमारे सव्वातीन किलोमीटरचा सरळ राजमार्ग काढला, तो जमिनीच्या नैसर्गिक उंचवट्याच्या माथ्यावरून. त्यामुळे पावसाचे पाणी दोन्ही अंगांना आपोआप उतरते. मुख्य रस्ता सुमारे १११ फूट रुंद. त्याहून लहान रस्ता त्याच्या निम्मा. त्याहून लहान त्याच्याही निम्मा. असे मोजमाप थेट गल्लीपर्यंत उतरत जाते. नगराचे नऊ चौकोन कल्पिले होते. वायव्येच्या चौकोनाला नाहरगडचा डोंगर आडवा आला. तेव्हा डोंगराशी भांडत न बसता आग्नेयेला एक चौकोन वाढवून हिशेब पुरा करण्यात आला. शास्त्राचा आदर आणि जमिनीची जाण या दोहोंची अशी सांगड आपल्याकडील फार थोड्या नगरांत दिसते. २०१९ साली युनेस्कोने या परकोट्याच्या आतील साऱ्या नगराला जागतिक वारशाचा मान दिला, तो या आखणीकडे पाहूनच.

या चौकोनांना तेथे चौकडी म्हणतात. पुरानी बस्ती, मोदीखाना, तोपखाना, घाट दरवाजा ही त्यांची नावे मराठी कानाला मुळीच परकी वाटत नाहीत. मोठे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात तेथे चौपड आहे. एके काळी या चौपडींवर पाण्याचे कुंड होते आणि नगरातील लोक तेथून पाणी भरीत. भुयारी रेल्वेसाठी खोदकाम झाले तेव्हा जमिनीखाली गाडले गेलेले हे कुंड पुन्हा उघडे पडले. बाजाराच्या पाठीमागे गल्ल्या आहेत. आपण जिला आळी म्हणतो तिला जयपूरचे लोक रास्ता म्हणतात. ठठेऱ्यांचा रास्ता म्हणजे आपली तांबट आळी. मणिहारांच्या रास्त्यावर आजही शेगडीपाशी बसून लाखेच्या बांगड्या वळतात आणि गिऱ्हाइकाच्या मनगटाच्या मापाने त्या जुळवून देतात. खजानेवाल्यांच्या रास्त्यावर संगमरवराची भुकटी सकाळपासून हवेत तरंगत असते. महाराष्ट्रातील कितीतरी देवळांत पूजेला असलेली पांढरी शुभ्र राम-सीतेची किंवा राधाकृष्णाची मूर्ती जयपूरच्या अशाच कारखान्यांतून आलेली असते. मुख्य बाजारातून चाकांवर जाणाऱ्याला गुलाबी भिंती दिसतात. ज्या हातांसाठी त्या भिंती बांधल्या ते हात या गल्ल्यांत आहेत, आणि तेथे उतरून पायीच जावे लागते.

त्या गुलाबी रंगाचीही थोडी हकीकत आहे. नगर वसले तेव्हापासून ते असे एकरंगी होते असे समजण्याचे कारण नाही. १८७६ साली इंग्लंडचा युवराज जयपुरास आला, त्या वेळी महाराजा रामसिंगाने पाहुण्याच्या स्वागतासाठी नगराला हा रंग देवविला, आणि पुढे तोच त्याची ओळख होऊन बसला. म्हणजे आजचा प्रवासी ज्या रंगावर लुब्ध होतो तो मुळी एका पाहुण्यासाठी लावलेला रंग आहे. पाहुणचाराची या नगराला अशी हौस आहे.

राजवाड्याला लागून जंतरमंतर आहे. १७२८ पासून सुमारे सहा वर्षांत जयसिंगाने ही वेधशाळा उभारली. तिच्यातील सम्राटयंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीचे दगडी सूर्यघड्याळ आहे. त्याची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने सरकते. वाटाड्या पाहुण्याला सावलीच्या कडेला बोट ठेवावयास सांगतो, आणि मिनिटभराने ते बोट सुमारे चार अंगुळे मागे पडलेले असते. पृथ्वीची गती डोळ्यांना दिसावी म्हणून बांधलेली ही वास्तू. तिच्यापुढे मिनिटभरही उभे न राहता पुढे सरकणाऱ्याच्या पदरी केवळ एक उंच जिना पडतो. या जंतरमंतरात मराठी माणसाने क्षणभर अधिक थांबावे. जयसिंगाचे गुरू व ज्योतिषशास्त्रातील सल्लागार पंडित जगन्नाथ सम्राट यांचे घराणे मूळचे महाराष्ट्रातील. वैदिक परंपरेत वाढलेल्या या पंडितांनी अरबी भाषा आत्मसात केली आणि युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथही त्यांनी अरबीवरूनच संस्कृतात उतरविला. नव्या नगराच्या पायाभरणीचा विधी त्यांच्याच हातून झाला असे सांगतात. महाराष्ट्राचा आणि जयपूरचा संबंध असा विद्येच्या आणि विश्वासाच्या पायावर सुरू झाला.

हे नाते पुढेही काही काळ गोड राहिले. १७३५ साली बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या. उदेपूर, नाथद्वारा करीत त्या जयपुरास आल्या. जयसिंगाने त्यांचे मोठे आदरातिथ्य केले. पुढच्याच वर्षी बाजीराव आणि जयसिंग यांची समक्ष भेट झाली. राजकारणाचा भाग त्यात होताच. परंतु एक वृद्ध ब्राह्मण स्त्री परक्या राज्यातून निर्धास्तपणे जाते आणि त्या राज्याचा धनी तिला मातेसमान मान देतो, हे दृश्य चारदीवारीच्या दरवाज्यांनी पाहिलेले आहे.

यापुढची गोष्ट त्रिपोलिया बाजाराच्या मागे उभी आहे. सात मजल्यांचा एक मनोरा तेथे आकाशात गेलेला दिसतो. त्याला ईसरलाट किंवा सरगासूली म्हणतात. दिवाणाच्या सुंदर मुलीला दुरून न्याहाळता यावे म्हणून राजा ईश्वरीसिंगाने तो बांधला, अशी एक रसाळ कथा त्या मनोऱ्याखाली ऐकावयास मिळते, आणि पाहुणे हसून पुढे जातात. खरी कथा युद्धाची आहे. १७४३ साली जयसिंग वारल्यावर गादीसाठी ईश्वरीसिंग आणि त्याचा सावत्र भाऊ माधोसिंग यांच्यात तंटा लागला. १७४७ साली राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंगाला जय मिळाला. त्या विजयाचे स्मारक म्हणून १७४९ साली ही लाट उभी राहिली. परंतु तोपर्यंत मराठे या भाऊबंदकीत पुरते उतरले होते. मल्हारराव होळकरांनी माधोसिंगाचा पक्ष घेतला, शिंद्यांचा कल दुसरीकडे होता, आणि दोन्ही बाजूंकडून कबूल करून घेतलेल्या रकमांचा आकडा चढत गेला. १७५०च्या डिसेंबरात होळकरांची फौज पैशाच्या वसुलीसाठी जयपूरच्या रोखाने आली. देण्यास पैसा नाही आणि लढण्यास बळ नाही अशा अवस्थेत ईश्वरीसिंगाने विषप्रयोगाने आपला अंत करून घेतला. कछवाह राजांच्या छत्र्या गेटोर येथे आहेत. एकट्या ईश्वरीसिंगाची छत्री राजवाड्याच्या आवारात आहे. नगराबाहेर त्या वेळी मराठ्यांची छावणी होती.

माधोसिंग गादीवर आला, तो मराठ्यांच्याच पाठबळाने. पाठोपाठ जयाप्पा शिंदेही दाखल झाले आणि नव्या राजाकडे राज्याच्या मोठ्या हिश्श्याची मागणी झाली. अशा वातावरणात १० जानेवारी १७५१ रोजी काही हजार मराठे चारदीवारीच्या आत शिरले. ते हल्ला करावयास आले नव्हते. जयसिंगाच्या नव्या नगराची कीर्ती त्यांनी ऐकली होती. देवळे पाहावी, बाजार पाहावा, चार जिनसा घ्याव्या, एवढ्याच हौसेने ते आले होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते नगरदर्शनाला आले होते. दुपारच्या सुमारास दरवाजे बंद झाले आणि नगरवासी त्यांच्यावर तुटून पडले. मध्यरात्रीपर्यंत कत्तल चालू राहिली. आत गेलेल्यांपैकी फार मोठा भाग परत आला नाही. पुढे तडजोड झाली आणि फौजा निघून गेल्या.

या घटनेचा निवाडा देण्याचे कारण आज उरलेले नाही. निःशस्त्रप्राय पाहुण्यांची कत्तल ही कोणत्याही काळी भयंकरच म्हटली पाहिजे. त्याचबरोबर, जे नगर त्यांनी कौतुकाने पाहावयास घेतले त्या नगराचा राजा चार आठवड्यांपूर्वी त्यांच्याच तगाद्यापायी मेला होता, हेही विसरता येत नाही. बाजारात भाव करणाऱ्या शिपायाला आपण गिऱ्हाईक आहोत असे वाटत होते; दुकानात बसलेल्या माणसाला तो सावकाराचा प्यादा दिसत होता. राधाबाईंच्या स्वागताला जे दरवाजे उघडले तेच दरवाजे पुरती सोळा वर्षे लोटण्यापूर्वी मराठ्यांच्या मागे बंद झाले. दरवाजे तेच होते, नगर तेच होते. येणाराचे नाते बदलले होते. आणि ते पालटूनही वैर येथेच मिटले नाही. १७९९ साली प्रतापसिंगाने ९५३ खिडक्यांचा हवामहाल बांधला, आणि दुसऱ्याच वर्षी मालपुऱ्याच्या रणात त्याला मराठ्यांशी झुंजावे लागले. ज्या जाळीदार खिडक्यांसमोर आजचे मराठी कुटुंब हसतमुखाने उभे राहते, त्यांच्यामागे त्या वर्षी मराठ्यांची धास्ती होती.

असे असता आज त्याच बाजारात मराठी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार मोडक्यातोडक्या मराठीत हाक मारतो, बसावयास गादी देतो, आणि वस्तू घेतली नाही तरी पाणी पुढे करतो. काळाने एवढे औदार्य दाखविले आहे. त्या औदार्याला साजेल असे पाहुण्यानेही वागले पाहिजे. त्यासाठी फार काही करावयाचे नाही. वाहन कोणतेही असो, चौपडीपाशी ते सोडावे आणि एका तरी रास्त्यावर पायी चालावे. कारागिराच्या दारात उभे राहताना त्याच्या उजेडात आपण येत नाही एवढे पाहावे. त्याच्या कामाचा भाव करताना त्यात गेलेला दिवस ध्यानात घ्यावा. ईसरलाटेखाली वाटाड्याने दिवाणाच्या मुलीची गोष्ट सांगितली तर ती ऐकून घ्यावी, आणि मग ईश्वरीसिंगाचे पुढे काय झाले असे त्याला विचारावे. हा प्रश्न मराठी माणसाने स्वतः होऊन विचारला तर वाटाड्या थोडा थबकेल, कदाचित संकोचेल; पण मग त्याच्या तोंडून जे जयपूर प्रकट होईल ते कोणत्याही ठरीव फेरीत दिसणारे नव्हे.