बुऱ्हाणपूरची प्रसूती

दख्खनच्या मोहिमेसाठी तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात मुक्कामास असलेल्या शाहजहानची बेगम मुमताज महल १६३१ च्या जून महिन्यात चौदाव्या प्रसूतीनंतर निवर्तली, आणि आग्र्यास नेण्यापूर्वी तिचे पार्थिव पैलतीरावरील जैनाबादच्या बागेत काही महिने विसावले. तिच्या मृत्यूचे कारण अतिरक्तस्राव असावे, हा तर्क मला ग्राह्य वाटतो.

गर्भारपणात हृदय एरवीपेक्षा तीस ते पन्नास टक्के अधिक रक्त पुढे ढकलते, आणि दिवस भरत आले की दर मिनिटास त्यातील सुमारे अर्धा लिटर एकट्या गर्भाशयाकडे वाहते. वार सुटताच तेथील वाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्या समयी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक गर्भाशयाच्या स्नायूस आवळावयास लावते, आणि परस्परांत गुंतलेले त्याचे तंतू वाहिन्यांना चहूबाजूंनी दाबून धरतात. पुष्कळ बाळंतपणे झालेल्या स्त्रीचा हा स्नायू शिथिल राहण्याचा धोका अधिक असतो. बाळास अंगावर घेतले की ऑक्सिटोसिनचा स्राव वाढतो, म्हणून पहिले पाजणे लांबवू नये.

सारी बादशाही दौलत दिमतीस असूनही हकिमांपाशी जो इलाज नव्हता, तो जीवरसायनशास्त्रज्ञ विन्सेंट द्यू विनो यांनी १९५३ साली हे संप्रेरक प्रयोगशाळेत सिद्ध करून जगाच्या हाती दिला. आज बाळ जन्मताच मातेच्या मांडीत त्याचे दहा युनिटांचे इंजेक्शन देतात. मात्र ते औषध थंड पेटीतच राखावे लागते, आणि तो बंदोबस्त प्रत्येक आरोग्यकेंद्रात चोख असलाच पाहिजे.