गोळ्या पंधरा दिवसांच्या, ऊसतोड पाच महिन्यांची

(वार्षिक सभेत आपल्या दवाखान्यातील परिचारिका ताईंनी केलेले भाषण)



आज मी हृदयविकारावर बोलणार आहे हे कळल्यावर एका ताईंनी मला विचारले, "डोंगर चढणाऱ्या माणसांना कुठला आलाय हृदयविकार?" सातपुड्यात आले तेव्हा मीही असेच म्हणत असे. कुपोषण, हिवताप, सिकलसेल, सर्पदंश हेच आजार मला दिसत. रक्तदाबाचे यंत्र बहुधा कपाटातच असे.

एके वर्षी धडगावकडच्या पाड्यावरचा एक भाऊ बोट कापले म्हणून आला. वय चाळिशीच्या आसपास. मलमपट्टी करताना सहज रक्तदाब पाहिला, तर 190/110. त्रास काहीच नव्हता. बिडी मात्र दिवसाला एक बंडल. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मी त्याच्या कार्डावर लिहिले, "15 दिवसांनी येणे." तो मान हलवून गेला. दिवाळी नुकतीच झाली होती. मुकादमाकडून त्याने पावसाळ्यातच उचल घेतली होती, हे मला ठाऊक नव्हते. मी विचारलेही नाही. आठवड्याभरात नवराबायको ऊसतोडीला गेले.

तिकडे एका पहाटे गाडी भरताना त्याच्या छातीत दुखू लागले. पित्त असेल म्हणून तो सोडा प्याला आणि मोळ्या वाहत राहिला. दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेला. होळीला त्याची बायको एकटी परतली. तिने ते कार्ड मला आणून दाखवले. अक्षर माझेच होते. उचल फिटली नव्हती, म्हणून पुढच्या हंगामात ती आणि थोरला मुलगा मिळून कोयता झाला.

तेव्हापासून यंत्र कपाटात जात नाही. तीस वर्षांवरचा कुणीही, कशासाठीही आला, तरी रक्तदाब मोजायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "दिवाळीनंतर कुठे जाणार?" जाणाऱ्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने जास्त दिवस पुरतील इतक्या गोळ्या देतो. कार्डावर गोळीचे नाव ठळक मराठीत लिहितो, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तीच गोळी फुकट मागता येते. छातीत दाब, घाम, हाताला किंवा जबड्याला कळ असेल तर सोडा पीत बसू नका, 108 ला फोन करा, हे मुकादमालाही सांगतो. तो ऐकतो, कारण माणूस गेला की त्याची उचल अडकते!

उपदेश करणे सोपे असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक छोटा चमचासुद्धा नाही. पण कोपीवर भाजी कुठून येणार? भाकरी आणि मीठ-मिरची, तेच कालवण. त्यांना "फळे खा" सांगत होते याची मला आज लाज वाटते. आता घरचे उडीद आणि वाळवलेली अंबाडी सोबत बांधून न्यायला सांगतो. आंबटपणा असला की मीठ कमी चालते. बिडीचेही तसेच. तिने भूक मरते, पहाटे डोळे उघडतात, म्हणून नुसत्या धाकाने ती सुटत नाही. पण सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्मा होतो, हे ऐकून काहींनी सोडली आहे.

मुलांचे दुखणे वेगळे. दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांचा घसा सुजतो, उपचार होत नाही. मग काहींना ताप येतो, सांधे धरतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. अशा मुलांना पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे द्यावे लागते. आमच्याकडच्या एका आश्रमशाळेतल्या मुलीची 21 दिवसांची तारीख आमच्या ड्रायव्हर भाऊंना माझ्याआधी आठवते.

तुम्ही नेहमी विचारता, काय पाठवू? यंदा ब्लँकेट नकोत. रक्तदाबाच्या यंत्राचे पट्टे झिजतात, सेल संपतात, ते पाठवा. आणि तुमच्यापैकी जे साखर कारखान्यांच्या भागात राहतात त्यांनी हंगामात एकदा तरी कोप्यांवर जावे. आमच्या माणसांकडे पिवळे कार्ड असेल. गोळ्या संपल्या का, एवढेच विचारा आणि संपल्या असतील तर त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन जा.

त्या बहिणीचाही रक्तदाब आता वाढलेला आहे. गेल्या दिवाळीनंतर निघताना तिने गोळ्या उडदाच्या डब्यात ठेवल्या. म्हणाली, "डाळ रोज काढते, गोळी विसरणार नाही."