यकृताच्या कर्करोगावरील दोन टप्प्यांचे उपचार आणि आपला रुग्णसाहाय्य निधी
(वार्षिक सभेतील प्रशासकीय निवेदन)



रुग्णसाहाय्य निधीचा ताळेबंद आपल्या हाती आहेच. आम्ही हिशेबाची माणसे. तरीही त्यातील एका राखीव रकमेमागील वैद्यकीय कारण सांगणे अगत्याचे वाटते.

यकृतास रक्त दोन मार्गांनी मिळते. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून येते. कर्करोगाची गाठ मात्र मुख्यतः रोहिणीवर पोसली जाते. म्हणून जांघेतील रोहिणीतून बारीक नळी गाठीपर्यंत नेऊन तेथेच केमोथेरपीचे औषध सोडतात व गाठीचा रक्तपुरवठा रोखतात. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या निवडक रुग्णांचे आयुष्य याने वाढते, असे बार्सिलोना व हाँगकाँग येथील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसून आले. काहींची गाठ इतकी आक्रसते की पुढे ती काढून टाकता येते. मात्र मागे उरणारे यकृत पुरेसे हवे : निरोगी असल्यास साधारण ३० टक्के, सिरॉसिस असल्यास ४० टक्के. हे भाग्य सर्वांना लाभत नाही. कावीळ वा जलोदर झालेल्यांस तर पहिला टप्पाही बहुधा झेपत नाही.

आमची चूक या दोन टप्प्यांच्या मध्ये होत होती. निधीतून आम्ही पहिल्या टप्प्याची रक्कम मंजूर करीत असू. शस्त्रक्रियेसाठी नंतर नवा अर्ज. मध्ये चार ते सहा आठवड्यांनी सीटी स्कॅन व्हायचा असे. कोकणातून आलेल्या कुटुंबास तोवर पनवेलची भाड्याची खोली परवडेनाशी होई. दुखणे जरा कमी झाले की मंडळी गावी परतत आणि पुन्हा येत तेव्हा गाठ वाढलेली असे. आमच्या वहीत जमाखर्च जुळलेला होता. रुग्णाच्या वाट्यास अर्धाच उपचार आला होता.

यंदापासून शल्यविशारद, रेडिओलॉजिस्ट व कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून आखलेल्या संपूर्ण उपचाराची तरतूद पहिल्याच दिवशी राखून ठेवली जाते. मधला मुक्काम व प्रवास त्यातच धरला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे साहाय्य ज्यांना मिळू शकते, त्यांच्यासाठी ते आधी घेऊन उरलेली तूट निधीतून भरून काढतो. शस्त्रक्रिया शक्य नाही असे ठरल्यास रक्कम त्याच रुग्णाच्या पुढील औषधांसाठी व वेदनाशमनासाठी राहते. यात पैसा अडकून पडतो, ही काही देणगीदारांची हरकत हिशेबाच्या दृष्टीने गैर नाही. ती मान्य करूनच आम्ही हा निर्णय घेतला आहे.

आप्तजनांस एकच विनंती : स्कॅनची तारीख चुकवू नये, आणि अडचण पैशाची असल्यास गावी निघण्यापूर्वी समाजसेवा विभागात येऊन ती सांगावी.