रूट कॅनालनंतर कॅप कशाला?

(सोसायटीच्या सभागृहात रहिवाशांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

लिफ्टमध्ये भेटलं की बरेचजण मला विचारतात, "रूट कॅनाल झालं, दुखायचं थांबलं, मग कॅप कशाला? उगाच खर्च." आज तेवढ्यावरच बोलतो.

रूट कॅनालमध्ये आम्ही दाताच्या आतली खराब झालेली नस काढतो, मुळांच्या नळ्या साफ करून भरतो. दुखणं गेलं. पण दाढ आधीच किडीने पोखरलेली, त्यात आत शिरायला आम्ही वरून पाडलेलं भोक. उरतात त्या नुसत्या भिंती. चावताना त्या बाहेर फाकतात. मग एखाद्या दिवशी सुपारी किंवा चिक्की निमित्त होते आणि चीर पडते. चीर वरच्यावर असली तर बहुधा दुरुस्ती होते. मुळात उभी उतरली तर दाढ काढावीच लागते, केलेलं रूट कॅनाल वाया. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तशी कॅप दाढेला आवळून धरते.

वर भरलेलं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की फटीतून लाळ आणि जंतू खाली उतरतात, साफ केलेल्या नळ्या पुन्हा बिघडतात. नस नसल्याने थंड-गरम कळत नाही, नवी कीड लागली तरी दात गप्पच. त्यामुळे "काही त्रास नाही हो" यावर विसंबू नका.

सगळ्यांनाच कॅप लागते असंही नाही. पुढच्या दाताला मागून छोटं भोक पाडलेलं असेल आणि बाकी दात धड असेल, तर दाताच्या रंगाचं पक्कं फिलिंग पुरतं. दाढांना मात्र बहुतेक वेळा लागतेच. मागच्या दाढेला धातूची साधी कॅपही छान चालते. झिरकोनियाच हवी असा हट्ट नको.

फारच कमी दात उरला असेल तर मुळात पोस्ट, म्हणजे खुंटी, बसवतात. तिने दात मजबूत होत नाही. ती फक्त वरचा भराव धरून ठेवते. खरा आधार हिरडीच्या वर सगळीकडून उरलेल्या साधारण २ मिलिमीटर दाताचा. तेवढा नसेल तर "कॅप टिकेल का?" हे खर्चाआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आणि हो, कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या काठाखालच्या दाताला लागते. रात्री ब्रश तिथे नीट फिरवा.

आता प्रश्न विचारा. जिलबी येईपर्यंत वेळ आहे.