बारशाची चांदी

'चांदीचा चमचा तोंडात घेऊन जन्मला' असं आपण म्हणतो, ती म्हण इंग्रजीतून आलेली. इंग्लंडात बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता बाळाला चांदीचा चमचा द्यायचा. चमच्याच्या टोकाला ख्रिस्ताच्या एखाद्या शिष्याची बारीक मूर्ती. ऐपतवाले अख्खा संच देत, बाकीचे एकच.

आपल्याकडे बारशाला वाळे, करगोटा, वाटी-चमचा येतो तो आजोळहून. उष्टावणाला मामा त्याच चमच्याने खीर भरवतो.

ही नुसती हौस नव्हती. इंग्रजी अमलातला रुपया चांदीचा होता, वजनाला एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. १९४० मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला. तोवर घरातली चांदी म्हणजे रोकडच, फक्त बाळाच्या पायात वाजणारी! आता दुकानातला तोळा १० ग्रॅमचा असतो, हे जुनी चांदी मोडताना ध्यानात ठेवा.

शहापूर-मुरबाडकडे भातलावणीच्या तोंडावर बी-खताला पैसा लागला की आधी हाच डबा उघडतो. सोनं जपलं जातं, चांदी 'एवढीशी तर आहे' म्हणून गहाण जाते. ना वजन, ना पावती. पण २०२५ मध्ये चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली. त्या भावाने १०० ग्रॅमचे पंधरा हजार होतात. याला एवढीशी कोण म्हणेल?

सावकाराला २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो बघायला मागा, लाजू नका. चांदीच्या दागिन्यांवर बँकेकडूनही कर्ज मिळू शकतं, मात्र प्रत्येक शाखा देतेच असं नाही, आधी विचारा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे कर्ज फिटल्यावर दागिना सात कामाच्या दिवसांत परत मिळायला हवा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

नवीन घेताना हॉलमार्क बघा. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं.

आणि बारशाच्या रात्रीच वहीत लिहा: काय आलं, कोणी दिलं, किती ग्रॅम. वर बाळाचं नाव घाला. घरात कोणी विचारलं, 'हे कशाला?' तर सांगा, ही चांदी तिची आहे, मोडायची तर तिच्या आईला विचारून.