युनिकॉर्नचा आराखडा

चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्सला २०१६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यातील नियोजित राज्यपालभवन मात्र कधी बांधले गेलेच नाही. ते आराखड्यातच राहिले. शहरालगतच्या मोहालीत या उलट घडले. तेथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्याने ब्रिटनच्या बीबीसी मायक्रो संगणकाची भारतीय आवृत्ती काढली. तिचे नाव युनिकॉर्न. १९८४ च्या ‘क्लास’ योजनेतून बीबीसी मायक्रो आपल्या शाळांत पोचला होता. ती यंत्रे आता थकली आहेत. उरला आहे तो त्यांचा आराखडा.

जुन्या संगणकातील खास त्याच्यासाठी घडविलेली चिप निकामी झाली, की तिची जोड बाजारात मिळत नाही. यावर एफपीजीए ही नामी तोड आहे. या चिपमध्ये हजारो कोरे तर्कघटक असतात. त्यांची जोडणी लिखित वर्णनाने ठरते. ६५०२ हा प्रोसेसर, चित्रे उमटविणारे मंडल, ३२ किलोबाइट स्मृतीशी त्यांचा व्यवहार, हे सारे वर्णन तीत भरले, की ती तेवढ्यापुरती बीबीसी मायक्रोच होते. हे नुसते सोंग नव्हे. सोंग वठविणारी आज्ञावली एकेक पायरी चढत जाते. येथे सारी मंडले मूळच्या ठेक्यात एकाच वेळी चालतात.

पण मंडल परत आले म्हणून शाळेतला तो तास परत येत नाही. इकडच्या शिक्षकांनी रचलेले पाठ कोठे चुंबकीय तबकड्यांवर असतील, तर ते आधी उतरवून घ्यावे लागतील. तबकड्यांना आराखडा नसतो.