फिलाडेल्फियाची घंटा

आपल्यापैकी काहींची मुले अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे गेलात तर फिलाडेल्फिया अवश्य पाहा. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला तो इंडिपेंडन्स हॉल तर सारेच पाहतात. आम्हांस त्यासमोरची तडकलेली घंटा अधिक मोलाची वाटते. १७५२ साली लंडनहून आलेली ही घंटा पहिल्याच चाचणीत फुटली. गावातल्याच दोघा कारागिरांनी ती पुन्हा ओतली. ‘लिबर्टी बेल’ हे नाव रूढ केले ते गुलामगिरीच्या विरोधकांनी, १८३० नंतर.

आणि योग पाहा! तिच्या आजच्या इमारतीच्या दाराशीच राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचे निवासस्थान होते. तेथे त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते. त्यांपैकी ओना जज ही तरुणी १७९६ साली, धनी जेवावयास बसले असता, निसटली. वॉशिंग्टनांनी पुष्कळ शोध चालविला. ती परतली नाही. १८४८ साली ती वारली, तेव्हाही कायद्याने गुलामच होती. वर्गात वॉशिंग्टन शिकविताना आम्ही ओनाचे नाव फळ्यावर लिहितो.